हवामान बदल शाळेत शिकवायचा, तर आधी शिक्षकांची तयारी हवी

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक झाली. वसुली झाली, नवीन कर्जाचे अर्ज झाले, आणि उठता उठता एका ताईंनी विषय काढला. त्यांची मुलगी सहावीत आहे. शाळेत त्या दिवशी हवामान बदलावर तास झाला होता. संध्याकाळी ताई चुलीवर भाकरी करत होत्या, तर पोरगी म्हणाली, "आई, तुझ्या चुलीच्या धुरामुळंच पाऊस पडंना झालाय. आम्हाला शाळेत सांगितलं."

ताई म्हणाल्या, "टाकी भरायला पैसे पुरत नाहीत म्हणून चूल पेटवते. पाणी मीच आणते, दुबार पेरणीचं कर्ज मीच फेडते, आणि आता दुष्काळाचा दोष पण माझ्याच माथी?"

काही जणी हसल्या, काही गप्प झाल्या. मग दुसऱ्या एकीनं सांगितलं, की तिचा मुलगा दोन रात्री नीट झोपला नाही. "समुद्र वाढणार, गावं बुडणार" असं त्यानं शाळेत ऐकलं होतं. आपल्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

यात शिक्षकांना नावं ठेवायची नाहीत. त्या बाईंशी आम्ही बोललो, तर त्या मोकळेपणानं म्हणाल्या, "पुस्तकात आहे तेवढं मी शिकवलं. पण हे कसं शिकवायचं, हे मला तरी कुठं कोणी शिकवलंय?" म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे: शिक्षकांना हवामान बदल शिकवण्याचं प्रशिक्षण का लागतं, त्यात काय असावं, आणि आपण बचत गटाच्या बायका त्यासाठी काय करू शकतो.

अडचण फक्त आपल्या शाळेची नाही

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सगळ्या मुलांना मिळालं पाहिजे असा आदेश दिला. आपल्या मुलांना तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे, पुढे विज्ञान आणि भूगोलात तापमानवाढीचे धडे येतात. म्हणजे पुस्तकात विषय आहे. पण पुस्तकातला धडा मुलांपर्यंत नेतो तो शिक्षक.

युनेस्को या जागतिक संस्थेनं २०२१ मध्ये जगभरातल्या हजारो शिक्षकांना याबद्दल विचारलं. शंभरातल्या जवळपास ९५ जणांनी सांगितलं, की हवामान बदल शिकवणं महत्त्वाचं आहे. पण आपण तो नीट शिकवू शकतो असा विश्वास चाळीस जणांनाही नव्हता. आणि आपल्या स्वतःच्या भागावर त्याचा काय परिणाम होतो, हे चांगलं समजावून सांगता येईल असं फक्त एक तृतीयांश शिक्षक म्हणाले.

हा शेवटचा आकडा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. बर्फ वितळतो, पांढरी अस्वलं मरतात, हे चित्र मुलांना माहीत असतं. पण आपल्याकडे मृगाचा पाऊस येऊन मग महिनाभर का दडी मारतो, हरभरा काढणीला आला की गारा का पडतात, हे कोणी सांगत नाही.

आधी चार गोष्टी सरळ व्हायला हव्यात

कोणत्याही चांगल्या प्रशिक्षणात आधी शिक्षकांचे स्वतःचे गैरसमज दूर करावे लागतात. असे चार घोटाळे नेहमी होतात. ते आपल्याही कामाचे आहेत, म्हणून इथे मांडते.

पहिला घोटाळा शब्दाचा. मराठीत आपण आजच्या उन्हालाही 'हवामान' म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही 'हवामान'च म्हणतो. त्यामुळे एखाद्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की लोक म्हणतात, "कुठं तापलीय पृथ्वी?" आजचं ऊन, आजचा पाऊस ही झाली रोजची हवा. एखाद्या भागात साधारण तीस वर्षं ती कशी राहिली, याचा हिशोब म्हणजे हवामान. आपल्या भाषेत सांगायचं तर, एका महिन्यात एखादीचा हप्ता चुकला म्हणून तो गट बुडाला असं होत नाही. दहा वर्षांची वही उघडून बघावी लागते. तसंच हे आहे.

दुसरा घोटाळा कारणाचा. पृथ्वी का तापते? सूर्याची उष्णता जमिनीवर येते, जमीन तापते आणि ती उष्णता परत वर जाते. हवेतले काही वायू, मुख्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्यातली काही उष्णता अडवून धरतात. हे गोधडीसारखं आहे. गोधडीत शेगडी नसते, ती फक्त आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. ही गोधडी मुळातच नसती, तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली १८ अंश असतं. म्हणजे गोधडी हवीच. अडचण अशी झाली, की कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळून आपण ती जाड करत चाललो. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. म्हणजे दीडपट. त्यामुळे पृथ्वी एक अंशाहून जास्त तापली आहे.

"एका अंशानं काय होतं?" असं मुलं विचारतात, आणि बरोबरच विचारतात. आपल्या अंगाचं तापमान दोन अंश वाढलं तर आपण पोराला दवाखान्यात नेतो. शिवाय हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मग ती वाफ जमिनीतून, पिकातून, तळ्यातून ओढली जाते आणि पडते तेव्हा एकदम पडते. दोन पावसांमधला खंड लांबतो, आणि पडतो तो पाऊस माती घेऊन जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळाचा अभ्यास केला. मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना त्या काळात तिपटीनं वाढल्याचं त्यात दिसलं. आपल्या म्हाताऱ्या म्हणतात ना, "आता पाऊस पहिल्यासारखा झिमझिम पडत नाही." त्या उगीच म्हणत नाहीत.

तिसरा घोटाळा ओझोनचा. ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापली, असं पुष्कळ मुलं लिहितात आणि काही शिक्षकही सांगतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझोनचा थर विरळ झाला तो फ्रीज, एसीमधल्या काही वायूंमुळे. जगानं १९८७ मध्ये करार करून ते वायू बंद करत आणले आणि तो थर आता हळूहळू सावरतोय. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी, कारण जगानं मिळून ठरवलं तर सुधारणा होते, याचं ते खरं उदाहरण आहे.

चौथा घोटाळा दोषाचा. इथे आपल्या ताईंच्या चुलीचा प्रश्न येतो. चुलीचा धूर वाईटच आहे. त्यानं डोळे जातात, छाती भरते, लहान पोरांना खोकला लागतो. त्यातल्या काजळीनं हवेवर थोडाफार परिणामही होतो. म्हणून धूर कमी करायलाच हवा, तोही आपल्या जिवासाठी. पण पृथ्वी तापायचं मुख्य कारण गरीब बाईची चूल नाही. झाड वाढताना जो कार्बन हवेतून घेतं, तोच जळताना परत जातो, आणि तोडल्या जागी दुसरं झाड वाढलं तर तो हिशोब जुळतो. जमिनीखाली करोडो वर्षं गाडलेला कोळसा आणि तेल वर काढून जाळलं, की तो हिशोब बिघडतो. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड यातून निघतो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे. अमेरिकेत माणशी सुमारे चौदा टन. आणि आपल्या देशातही शहरातल्या एसीवाल्या घराचा आणि आपल्या घराचा वाटा सारखा नाही.

हे आकडे शिक्षकांना माहीत असते, तर ती पोरगी घरी येऊन आईला दोष देती का? ती म्हणाली असती, "आई, आपण कमी केलंय, पण भोगतोय जास्त."

आपलं गाव हेच पुस्तक

प्रशिक्षणात शिक्षकांना दुसरं शिकवायला हवं ते हे, की यासाठी वेगळा तास लागत नाही. आधीच शिक्षकांच्या मागे निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती, नाना सर्वेक्षणं असतात. त्यात आणखी एक विषय वाढवला तर तो कागदावरच राहील. आहेत त्याच विषयांत हे बसवता येतं.

गणितात बघा. शाळेच्या अंगणात सरळ बाजूंचं एक भांडं किंवा बाटली ठेवायची, तोंड आणि बूड सारख्या रुंदीचं. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. हवामान खातंही त्याच वेळेला पाऊस मोजतं. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस धरतात. महिनाअखेर मुलं आलेख काढतील: किती दिवस पाऊस, किती दिवस खंड, एका दिवसात जास्तीत जास्त किती.

मग पुढचं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचा पत्रा ५ मीटर बाय ६ मीटर असेल तर ३० चौरस मीटर झाले. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर चाळीस हंडे! थोडं वाया जाईल, तरी तीसेक हंडे हाती येतात. एका पावसात एका पत्र्यावरून. हे गणित केलेली मुलगी घरी येऊन पन्हाळ लावायचा हट्ट धरेल, की आईला दोष देईल?

मराठीच्या तासाला आजीची मुलाखत. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लं, सुकडी कशी होती, खडी फोडायला कोण कोण जात होतं, विहिरीला तेव्हा पाणी किती हातांवर होतं? इतिहासाच्या तासाला त्याच दुष्काळातून रोजगार हमी कशी आली, ते सांगता येतं. भूगोलाच्या तासाला २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं नेलेलं पाणी, २०२१ चा चिपळूणचा पूर.

इथे शिक्षकांनी एक काळजी घ्यायची. प्रत्येक दुष्काळ आणि प्रत्येक पूर हवामान बदलामुळेच झाला असं सांगायचं नाही. दुष्काळ १९७२ लाही होता, त्याच्या आधीही होते. आणि चार विहिरींचं गाव चाळीस बोअर पाडून बसलं, तर पाणी आटायला ते कारणही आहेच. बदल झाला तो हा, की अशी संकटं जास्त वेळा आणि जास्त जोरानं यायला लागली. खरं तेवढंच सांगितलं की मुलांचा विश्वास बसतो. शाळेची दोन वर्षांची पावसाची वही हवामान बदल सिद्ध करत नाही, हेही मुलांना सांगावं. जुने आकडे तालुका कृषी कार्यालयातून मिळतात. ते आणून वर्गात शेजारी ठेवावेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपल्याला माहीत आहे. तिथं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ग्रामसभेत ठरतं. ज्या गावात मुलं शाळेतच पाऊस मोजायला शिकतात, तिथं उद्याच्या ग्रामसभेत असा हिशोब मांडणारी माणसं तयार होतात.

भीती घालायची नाही, खोटा धीरही द्यायचा नाही

शाळा आणि हवामान यांचा संबंध फक्त धड्यापुरता नाही. युनिसेफनं सांगितलं आहे, की २०२४ या एका वर्षात ८५ देशांतल्या किमान २४ कोटी २० लाख मुलांचं शिक्षण उष्णतेची लाट, पूर, वादळ, दुष्काळ यांमुळे बुडालं किंवा विस्कळीत झालं. आपल्याकडे पाऊस गेला की काय होतं ते आपण बघतोच. घर ऊसतोडीला जातं, पोरगं फडावर जातं. पाण्याची खेप लांबली की आधी मुलीची शाळा सुटते.

अशा मुलांसमोर "जग संपणार" असं म्हटलं तर ती घाबरतात किंवा कान बंद करतात. म्हणून लहान वर्गांत आधी ओळख असावी: झाड, माती, पाणी, पाखरं, ऋतू. पाचवी-सहावीपासून कारणं आणि मोजमाप. मोठ्या वर्गांत कोणाचा वाटा किती, सरकारं काय करतात, यावर चर्चा. आणि प्रत्येक वयात, संकटाबरोबर एक करण्याजोगी गोष्ट सांगावी. उन्हाची लाट शिकवली तर त्याच तासाला मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवावं, चक्कर आलेल्याला सावलीत नेऊन ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं ते दाखवावं. वीज शिकवली तर झाडाखाली थांबायचं नाही, हे पाठ व्हावं. भीती वाटली तरी हाताला काम असलं की ती आवरते. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

पण सगळा भार मुलांच्या डोक्यावर टाकू नये. "तुम्ही झाड लावा म्हणजे पृथ्वी वाचेल" हे अर्धंच खरं आहे. झाड लावावं आणि जगवावं. पण वीज कशापासून करायची, कारखान्यांनी काय जाळायचं, हे निर्णय मोठ्यांचे आणि सरकारांचे आहेत. मुलांना हेही कळलं पाहिजे.

प्रशिक्षण कसं असावं?

दिवसभर सभागृहात बसवायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची, चहा-नाश्ता, सह्या आणि घरी, असं प्रशिक्षण आपल्यालाही माहीत आहे. बचत गटाचं हिशोबाचं प्रशिक्षण आपण एका दिवसात शिकलो का? वही हाताळली, चुकलो, ताईंनी येऊन दुरुस्त केलं, तेव्हा आलं. शिक्षकांचंही तसंच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटलं आहे, की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण मिळावं. जिल्ह्यात त्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, जिला आपण 'डाएट' म्हणतो. केंद्राच्या पातळीवर शिक्षण परिषदा भरतात, तिथं आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. म्हणजे नवीन काही उभं करायचं नाही. त्या ५० तासांतले थोडे तास या विषयाला मिळावेत, आणि ते असे असावेत:

• पहिल्या बैठकीत गोधडी, ओझोन, हवा आणि हवामान यातले घोटाळे दूर व्हावेत. शिक्षकांना न लाजता प्रश्न विचारता यावेत.

• दुसरी बैठक शिवारात व्हावी. ओढा, बांध, विहीर, पडीक जमीन बघावी आणि शेतकरी बायकांशी बोलावं.

• मग प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गात एक पाठ घ्यावा, आणि पुढच्या परिषदेत काय जमलं, काय फसलं ते सांगावं.

• वर्षभर शंका विचारायला कोणीतरी असावं: डाएटमधले अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र, जवळच्या कॉलेजातले भूगोलाचे किंवा विज्ञानाचे प्राध्यापक.

यात आपण कुठे?

मैत्रिणींनो, शाळा आपल्या हाताबाहेरची आहे असं समजू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे अनुदानित आणि सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. शाळा विकास आराखडा ही समिती करते. आपल्यातल्या कितीजणी त्या समितीत आहेत, आणि त्यातल्या कितीजणी फक्त सहीपुरत्या? एकदा मोजून बघा.

पुढच्या मासिक बैठकीत हे ठरवता येईल:

१. समितीत असलेल्या ताईंनी ठराव मांडावा, की शिक्षकांना या विषयाचं प्रशिक्षण मिळावं. ठरावाची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. पोच घ्यायला विसरू नका.

२. शाळा विकास आराखड्यात पर्जन्यमापक, तापमापक, पन्हाळ आणि टाकी लिहावी. मोठा खर्च असेल तर तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला ग्रामसभेत मागणी करावी.

३. गावातल्या कृषी सखी आणि पशु सखी यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावं, असं मुख्याध्यापकांना सुचवावं. बियाणं कसं राखायचं, खंड पडला तर कोणतं पीक तग धरतं, उन्हात जनावर कसं जपायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

४. १९७२ बघितलेल्या आज्या आता मोजक्याच राहिल्यात. त्यांची यादी करून शाळेला द्या. त्यांच्या आठवणी मुलांनी लिहून घेतल्या तर त्या गावाकडे राहतील.

५. मूल शाळेतून काही ऐकून आलं आणि ते पटलं नाही, तर पोराला गप्प करू नका आणि शिक्षकांशी भांडूही नका. भेटून विचारा.

चुलीच्या त्या ताईंनी शेवटी हेच केलं. त्या शाळेत गेल्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं बरोबर आहे. पुढच्या तासाला तुम्हीच या, चुलीचं आणि सरपणाचं गणित आपण मुलांसमोर मांडू." ताई आता विचारात पडल्या आहेत, वर्गात उभं राहून बोलायचं कसं. सहावी शिकून शाळा सोडली, त्यानंतर त्या वर्गात गेलेल्या नाहीत.

आम्ही त्यांना म्हटलं, पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हाही असंच वाटलं होतं. जा. लागलं तर आमच्यातली एक सोबत येईल.

तुमच्या गावातल्या शाळेत हा विषय कसा शिकवतात, मुलं घरी येऊन काय सांगतात, ते आपल्या समूह संसाधन व्यक्तीकडे लिहून द्या. पुढच्या अंकात घेऊ.